निगेटिव्हच का? – ‘जुना मेकॅनिक’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार मेकॅनिकसाहेब,

टोपणनावापलीकडे तुमची ओळख नाही, म्हणून काका म्हणू की दादा हे ठरेना. साहेब चालवून घ्या.

‘बॅटरीचा स्विच बॉनेटबाहेर’ या माझ्या लेखावर (बॅटरीची वीज तोडणारा स्विच बॉनेट न उघडता हाताला येईल असा कसा बसवला, त्यावरचा) तुम्ही लिहिलंत ते इथे थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुमचं म्हणणं असं: “स्विच निगेटिव्हला लावला हीच पहिली चूक. रॅलीच्या गाडीत तो पॉझिटिव्हला असतो, म्हणून इंजिन बंद पडतं. तुमच्या स्विचने इंजिन बंद होणार नाही, उलट अल्टरनेटर उडेल. बाहेर लावलेला स्विच मुंबईत एक रात्र टिकणार नाही. आणि बॅटरीची वायर सोडवायला दहा नंबरचा पाना असताना हे उद्योग कशाला? अर्धवट माहिती देऊन लोकांच्या गाड्या जाळू नका.”

शेवटचं वाक्य लागलं. पण अल्टरनेटरचं तुमचं म्हणणं खरं आहे, तेव्हा आधी तेच.

“वेळप्रसंगी चालत्या इंजिनातही हा स्विच फिरवता येतो, गाडी जागच्या जागी बंद,” असं मी लिहिलं होतं. ते करून न बघता लिहिलं होतं, आणि ते चूक आहे. इंजिन एकदा सुरू झालं की ठिणगी पाडणाऱ्या कॉइलला वीज अल्टरनेटर, म्हणजे इंजिनवर फिरणारा जनरेटर, पुरवतो. अल्टरनेटरचं अंग इंजिनला बोल्टने आवळलेलं असतं, म्हणजे त्याची अर्थिंग तिथेच पुरी होते. बॅटरीची निगेटिव्ह तोडली तरी त्या फेऱ्यात काही फरक पडत नाही आणि इंजिन चालूच राहतं. शिवाय बॅटरी त्या क्षणी भरपूर करंट घेत असेल आणि तीच अचानक तोडली, तर अल्टरनेटरचं चुंबकीय क्षेत्र लगेच विरत नाही. व्होल्टेज ताब्यात ठेवणाऱ्या रेग्युलेटरला सावरायला क्षणभर लागतो, आणि तेवढ्यात १२ व्होल्टच्या वायरिंगमध्ये ८०-१०० व्होल्टचा धक्का जाऊ शकतो. माझी गाडी १९९७ची कार्बुरेटरवाली मारुती ८००. तिच्यात कॉम्प्युटर नाही, त्यामुळे फार तर डायोड आणि स्टिरिओ गेला असता. हाच उद्योग कुणी नव्या गाडीत केला असता तर हजारोंचं बिल माझ्या नावावर फाडलं असतं, आणि फाडायलाच हवं होतं. ते वाक्य काल रात्री लेखातून काढलं.

पण मेकॅनिकसाहेब, रोग तुम्ही बरोबर ओळखलात, कारण मात्र चुकलं. रॅलीची गाडी बंद पडते ती स्विच पॉझिटिव्हला आहे म्हणून नाही. नुसता पॉझिटिव्ह तोडलात आणि अल्टरनेटरची वायर गाडीच्या बाजूला जोडलेली असली, तरी इंजिन तसंच गुरगुरत राहील. रॅलीचा स्विच सहा टर्मिनलवाला असतो. दोन जाड टर्मिनल बॅटरीची. दोन बारीक टर्मिनल इग्निशन तोडणारी, इंजिन बंद पडतं ते यांच्यामुळे. उरलेली दोन स्विच बंद होताच जोडली जातात आणि अल्टरनेटरची उरलीसुरली वीज ३ ओहमच्या रेझिस्टरमधून जमिनीला सोडतात, म्हणजे तो धक्का बसत नाही. विंडस्क्रीनच्या खाली निळ्या त्रिकोणात लाल वीज काढलेली असते ना, तिच्यामागे एवढा संसार असतो. आपण बाजारातून आणतो तो लाल चावीचा दोन टर्मिनलवाला स्विच त्याचा लांबचा भाऊही नव्हे. त्याचं काम उभ्या गाडीपुरतं.

आता निगेटिव्ह. इथे मी हटणार नाही.

तो स्विच बाहेर का आणला, ते लेखात एका ओळीत उरकलं होतं. इथे नीट सांगतो. २०१९च्या पावसाळ्यात माहीमला आमच्या इमारतीखाली गाडी लावत होतो. गाडी बंद केली, चावी काढली, आणि डॅशबोर्डखालून धूर यायला लागला. ज्या दुकानात अॅम्प्लिफायर बसवला होता, तिथल्या पोराने त्याची वायर बॅटरीच्या पॉझिटिव्हवरून थेट ओढली होती. फ्यूज नाही, आणि पत्र्याच्या भोकात रबरी ग्रोमेटही नाही. पत्र्याची धार महिनोन्महिने प्लास्टिक कातत बसली होती. ती वायर इग्निशनमधून जातच नव्हती, तर चावी काढून काय होणार? बॉनेट उघडायला गेलो तर आतली केबल खाऱ्या हवेने गंजून अडकलेली. वॉचमन एका बाजूने बॉनेट ओढतोय, मी आतून तो खटका खेचतोय. शेवटी ती वायर स्वतःच जळून तुटली म्हणून निभावलं. त्या पाच मिनिटांत तुमचा दहा नंबरचा पाना माझ्या खिशात असता तरी तो लावणार कुठे होतो?

म्हणून स्विच ग्रिलच्या आत, बाहेरून हात जाईल असा. म्हणजे बॅटरीपासून स्विचपर्यंत नि तिथून परत, मिळून दीडेक मीटर जाड केबल गाडीच्या नाकातून फिरणार. मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये नाक हा गाडीचा सर्वांत जास्त ठोकर खाणारा भाग. रिक्षाच्या मागच्या बंपरला विचारा. ही केबल पॉझिटिव्ह असली आणि एखाद्या दिवशी चेपलेल्या पत्र्याने तिचं प्लास्टिक कापलं, तर बॅटरी थेट बॉडीला लागते. सेल्फच्या, म्हणजे स्टार्टर मोटरच्या, केबलला फ्यूज नसतो. शेकडो अँपिअर वाहतील आणि ज्या आगीच्या भीतीने स्विच बसवला ती आगच स्विचची केबल लावील. तीच केबल निगेटिव्ह असली आणि बॉडीला टेकली तर? काहीही होत नाही. बॉडी निगेटिव्हच आहे. फार तर स्विच निकामी होईल, बंद करूनही गाडीत वीज राहील. दोन्ही बिघाड शेजारी ठेवून बघा. रॅलीच्या गाडीत वायरिंग मुळापासून नव्याने ओढतात, केबलला कवच असतं, स्पर्धेआधी तपासणारे असतात. माझ्या गाडीला तपासायला मी आणि वॉचमन.

मात्र निगेटिव्हला एक खोच आहे, आणि ती तुम्ही काढाल अशी माझी अपेक्षा होती. बॅटरीच्या निगेटिव्हवर बहुतेक गाड्यांत दोन वायरी असतात: जाडी इंजिन किंवा गिअरबॉक्सला जाणारी, बारकी बॉडीला. मी पहिल्यांदा फक्त जाडी स्विचमधून फिरवली. मोठ्या ऐटीत स्विच बंद केला, दार उघडलं, तर आतला दिवा माझ्याकडे बघून हसतोय. बारकीतून सगळं चालू होतं! त्या अवस्थेत मी सेल्फ मारला असता तर त्याचा सगळा करंट त्या बारकीतून गेला असता आणि ती लालबुंद झाली असती. त्यामुळे निगेटिव्हवरची झाडून सगळी थिंबलं (वायरीच्या टोकाच्या धातूच्या कड्या) स्विचच्या पलीकडच्या टर्मिनलवर न्यायची. बॅटरीच्या खुंटावर एकच केबल उरली पाहिजे, स्विचला जाणारी.

केबलच्या जाडीवर लेखाखाली आणखी दोघांनी विचारलंय, म्हणून त्यांचंही इथेच. माझा सेल्फ १२० अँपिअरच्या आसपास ओढतो. घरच्या एसीला वापरतात ती ४ चौरस मिलिमीटरची वायर दीड मीटर घातली तर तिच्यातच जवळपास ०.९ व्होल्ट गळतात, सेल्फ कण्हायला लागतो. २५ चौरस मिलिमीटरची घातली तर ०.१४. लोहार चाळीत मीटरवर मापून मिळते, थिंबलं तिथेच दाबून घ्या. हातोडीने ठोकलेलं थिंबल दोन पावसाळ्यांत हिरवं पडतं. आणि स्विचवर छापलेल्या अँपिअरवर विसंबू नका. सेल्फ मारताना मल्टिमीटरच्या दोन पिना स्विचच्या दोन टर्मिनलांवर धरा. माझ्या पहिल्या स्वस्त स्विचवर ०.४ व्होल्ट दिसले. म्हणजे त्या इवल्याशा डबीत ४८ वॅटची उष्णता, चाळीसच्या बल्बपेक्षा जास्त. तो फेकला. आताचा ०.०६ दाखवतो.

चोरीचं. या स्विचची चावी बंद स्थितीतच निघते. गाडी उभी केली की स्विच बंद, चावी माझ्या खिशात. रात्री कुणी येऊन बंद काय करणार? चाव्या सगळ्या सारख्याच असतात, त्यामुळे कुणी त्याची चावी आणून चालू करू शकतो, हे मान्य. तेवढी समाजसेवा अजून कुणी केलेली नाही. सिग्नलला उभं असताना एखाद्या कारट्याने हात घातला तर मात्र तुमचा अल्टरनेटरवाला मुद्दा परत येतो. त्यावर ग्रिलच्या आतून एक पत्र्याची झडप लावायचा विचार आहे. रॅलीसारखी, स्विच लांबून ओढून बंद करायची केबल नको. एका केबलने एकदा दगा दिलाय.

पान्याबद्दल भांडण नाही. महिन्याने एकदा गाडी काढणाऱ्याला पानाच उत्तम, फुकट आहे. माझा अलार्म आणि स्टिरिओ मिळून गाडी उभी असतानाही ६० मिलिअँपिअर खातात, म्हणजे दिवसाला जवळजवळ दीड अँपिअर-तास. ३५ अँपिअर-तासांची बॅटरी बारा दिवसांत अर्ध्यावर. एखादा रविवार चुकला की बॅटरी उतरलेली. आणि दर आठवड्याला पाना लावला तर शिशाचा तो मऊ क्लॅम्प सैल होत जातो, मग त्यात पांढरा क्षार धरतो, मग एके दिवशी सेल्फ नुसता टकटक करतो. हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त वेळा पाहिलं असेल.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, पण लेखात असायला हवी होती. नव्या गाड्यांत हा स्विच लावू नका. काही गाड्यांत निगेटिव्हच्या क्लॅम्पवरच बॅटरीवर लक्ष ठेवणारा सेन्सर असतो, वीज तुटली की काचा-घड्याळ-आयडलिंग पुन्हा शिकवावं लागतं, वॉरंटीवाले नाक मुरडतात ते वेगळंच. आणि एकाने मेलवर विचारलं होतं की पाणी भरलं तर आत बसूनच वीज तोडता येईल असा स्विच बसवू का. अजिबात नको. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला तेव्हा बंद गाड्यांत माणसं अडकून दगावली होती. पाण्यात काच उतरवायला वीजच लागते. आधी काच, मग माणसं बाहेर, वीज वगैरे नंतर. रिकाम्या उभ्या गाडीत पाणी शिरणार असेल तर मात्र स्विच जरूर बंद करा, कनेक्टर कमी कुजतात.

लेखातली आकृती बदलली आहे. त्यात आता दोन्ही वायरी दिसतील, आणि अॅम्प्लिफायरच्या वायरला बॅटरीपासून वीतभर अंतरात फ्यूजही. ‘आधी चावी, मग स्विच’ हे ठळक केलंय.

आणि गॅरेजच्या माळ्यावर तुमच्याकडे सहा टर्मिनलवाला एखादा जुना स्विच धूळ खात पडला असेल, तर किंमत कळवा. मी रविवारी मोकळा असतो.