गिटार येते ना, मग पियानो काय अवघड?

असं म्हणणाऱ्या प्रत्येकाला बी फ्लॅट मेजरचं स्केल (ओळीनं चढणारे सूर) दोन्ही हातांनी एकत्र वाजवायला बसवावं. उजवा अंगठा पडतो सी आणि एफवर, डावा डी आणि ए-वर. दोन्ही अंगठे एकदाही एका वेळी येत नाहीत! एक हात अंगठा खालून सरकवतोय, तेव्हा दुसरा आपल्याच तालात पुढे. डोक्याचा भुगा.

गिटारवर ही कटकट असते कुठे? एफची बार कॉर्ड (एका बोटानं सगळ्या तारा आडव्या दाबून धरलेला सुरांचा संच) दोन फ्रेट, म्हणजे दोन घरं, वर सरकवली की जी झाली, बोटं तशीच. कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावला की विषयच संपला. पियानोवर बारा मेजर स्केल, प्रत्येकात काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची मांडणी निराळी आणि म्हणून अनेकांत अंगठा वळवायची जागाही निराळी. त्यात बोटांचे आकडेही वैरी. गिटारच्या पुस्तकात १ म्हणजे तर्जनी, इथे १ म्हणजे अंगठा. वर्षानुवर्षांची सवय नेमकी एका बोटानं चुकते.

पण डोकं खरं फिरतं ते "कॉर्ड तर येतातच की" या शहाणपणानं. येतो तो आकार हो, कॉर्ड नाही! नेहमीच्या ओपन जीमध्ये सहा तारांवर जी तीनदा, बी दोनदा आणि डी एकदाच वाजतो, हे किती गिटारवाल्यांनी मोजलंय? मग पियानोवर सी, एफ, जी प्रत्येक वेळी मूळ स्वरापासून दाबत हात बेडकासारखा उड्या मारतो. सरळ सांगा ना: सी-ई-जीवरून एफला जाताना सी जागचा हलवू नका. ई अर्धा स्वर वर, एफवर. जी एक स्वर वर, ए-वर. पुढे जीसाठी बी-डी-जी. हात जवळपास तिथल्या तिथे. हे इन्व्हर्जन (तेच सूर, क्रम बदलून) पहिल्या आठवड्यात हवं, तर पुस्तकं "पुढे पाहू" म्हणतात आणि मोठ्या माणसाला पाच पट्ट्यांवर पाच बोटं ठेवून बालगीतं वाजवायला लावतात. आणि तीच तीन सुरांची कॉर्ड डाव्या हातानं अगदी खालच्या सुरांत दाबली की नुसता चिखल. तिथे मूळ स्वर आणि त्यापासून पाचवा पुरे. हेही कुणी बोलत नाही.

नोटेशनचा, म्हणजे स्वरलिपीचा, तर कहरच. गिटारचं नोटेशन लिहिलंय त्यापेक्षा एक ऑक्टेव्ह (सप्तक) खाली वाजतं. कागदावरचा मिडल सी (पियानोच्या साधारण मधोमध येणारा सी) गिटारवर पाचव्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर धरतात. पियानोचा मिडल सी मात्र मिळतो दुसऱ्या तारेच्या पहिल्या फ्रेटवर. बिचारा शिकणारा दोन्ही वाद्यं जुळवत बसतो आणि आपलाच कान बिघडला असं समजतो. वास्तविक ट्रेबल क्लेफखाली (ओळींच्या सुरुवातीची वळणदार खूण) एक चिमुकला ८ छापला की भागतं. तोसुद्धा सर्रास गाळतात.