पैसा वसूल, गुडघ्यांसकट

इकॉनॉमीने चौदा-पंधरा तास उडून आलेला माणूस भेटला की आधी "अंग आंबून गेलं" म्हणतो, मग बाकीचं बोलतो. मला या लोकांची कीव येते. प्रवास करता येतो, हिशोब करता येत नाही.

तिकिटाचे पैसे आपण अंतराशी ताडून बघतो, तिथेच फसतो. तासांशी ताडून बघा. दारं लावून विमान धावपट्टीच्या कडेला दीड तास उभं राहिलं की शेजारपाजारचे कपाळाला हात लावतात. तुमच्या तिकिटाचा ताशी भाव मात्र गुपचूप उतरलेला असतो. पडद्यापलीकडचा बिझनेस क्लासवाला काय करतो? सपाट पलंगावर सात तास घोरतो. एवढे पैसे मोजले आणि निम्मा प्रवास आठवतसुद्धा नाही! तुम्हाला प्रत्येक मिनिट आठवणार आहे. तुम्ही विसरलात तर कंबर आठवण करून देईल.

हे गुपित कंपन्यांनाही ठाऊक असावं. सिंगापूर ते न्यूयॉर्क हा अठरा तासांच्या वरचा प्रवास सिंगापूर एअरलाइन्सची जी खास ए ३५० विमानं करतात, त्यांत इकॉनॉमी ठेवलेलीच नाही. बिझनेस आणि प्रीमियम इकॉनॉमी, संपलं. ज्याला तास लुटायचे त्यालाच दार बंद. त्या मानाने ऑस्ट्रेलियाची विमानकंपनी क्वांटास उदार. २०१८ पासून पर्थ ते लंडन सतरा तासांचा विनाथांबा प्रवास, इकॉनॉमीसकट.

आता सीट. जाणकार तुम्हाला आपत्कालीन दाराजवळची रांग सुचवतील. पाय पसरायला जागा मिळते खरी, पण तिथे ट्रे हाताच्या दांड्यात दडवलेला असतो, त्यामुळे दांडा उचलता येत नाही आणि बुडाला जागा थोडी कमीच मिळते. शिवाय जादा पैसे भरणारे तुम्ही आणि वेळ आली तर लोकांना बाहेर काढायला मदत करणारेही तुम्हीच. भिंतीसमोरच्या रांगेत तान्ह्या बाळांचे पाळणे टांगतात. शेवटची रांग बहुधा मागे झुकत नाही, पण संडासाच्या फ्लशचा तो एकदम गिळून टाकणारा आवाज रात्रभर फुकट ऐकायला मिळतो. मी मात्र डोळे झाकून मधल्या चौघांतली मधली सीट सुचवतो. दोन्हीकडून माणसांची ऊब असते आणि कुठल्याही बाजूला कलंडलात तरी पडायची भीती नाही.

ही मधली सीट मुबलक मिळावी म्हणून कंपन्यांनी कष्ट घेतलेत. बोइंग ७७७ हे १९९५ साली सेवेत आलं तेव्हा इकॉनॉमीत एका रांगेत साधारण नऊजण बसायचे. आज बहुतेक ठिकाणी दहा बसतात. विमान तसूभरही रुंद झालेलं नाही, माणसं मात्र जवळ आली. जाहिरातीत 'पिच ३१ इंच' वाचून हुरळून जाऊ नका, पण खट्टूही होऊ नका. पिच म्हणजे तुमच्या सीटच्या एखाद्या जागेपासून पुढच्या सीटच्या त्याच जागेपर्यंतचं अंतर. त्यात पाठीची जाडी आली, गादी आली, खिशातलं ते सुरक्षेचं पत्रक आलं. उरलं ते गुडघ्यांचं.

पुढचा सीट मागे झुकवणारच. प्रतिकार करू नका. २०१४ साली अमेरिकेत नेवार्कहून डेन्व्हरला निघालेल्या विमानात एकाने पुढची सीट झुकू नये म्हणून 'नी डिफेंडर' नावाचं प्लास्टिकचं अडकण लावलं. पुढच्या बाईंनी त्याच्यावर पेलाभर पाणी ओतलं. विमान शिकागोला वळवून दोघांनाही उतरवलं. दोघंही जादा पैशांच्या, जादा पायजागेच्या रांगांत होते, हे विशेष. अर्ध्या वाटेत उतरले, म्हणजे ताशी भाव किती चढला ते बघा!

कोपरांचं युद्ध मात्र लढण्यासारखं असतं. मधल्याला दोन्ही दांडे, हा सभ्य जगाचा नियम. मागे एका चौदा तासांच्या प्रवासात माझ्या डावीकडच्या गृहस्थांना तो माहीत नव्हता. तीन तास त्यांचं कोपर दांड्यावर, माझं पोटावर. चौथ्या तासाला ते पाण्याचा पेला घ्यायला वळले आणि मी दांड्याची मागची चार बोटं जागा बळकावली. त्यांनी पेला ठेवला, कोपर आणलं, माझं कोपर जाणवलं. दोघंही समोर बघत राहिलो. दांड्यावर दोन स्वेटरच्या बाह्या एकमेकींना रेटत होत्या आणि वर आम्ही शांतपणे आपापला सिनेमा पाहत होतो. त्या सिनेमात काय झालं ते मला सांगता येणार नाही, पण तसा थरार पडद्यावर नव्हता एवढं नक्की.

जेवणाला नावं ठेवू नका. केबिनमधला हवेचा दाब सहा ते आठ हजार फूट उंचीच्या डोंगरावर असावा तितका, हवा वाळवंटासारखी कोरडी, वर इंजिनांची घरघर. यात जिभेला मीठ आणि साखर नीट कळत नाही. स्वयंपाकी हात सढळ ठेवतो तो त्यामुळे. टोमॅटोचा रस तेवढा वर गेल्यावर खुलतो, तो मागा. 'चिकन की पास्ता' हा प्रश्न त्रेचाळिसाव्या रांगेत येईपर्यंत पास्ता उरलेला असतो, त्यामुळे निवडीचा ताण नाही. कोपरं बरगड्यांना चिकटवून खा. लोण्याची वडी दगडासारखी असेल, ती गरम डब्याच्या झाकणावर ठेवा; झाकणाची फॉइल सोलताना वाफ चष्म्यावर आली की शेजाऱ्याचा ट्रेही दिसेनासा होतो, म्हणजे तुलना टळली.

मधूनमधून उठत जा, यात मात्र उपरोध नाही. चार तासांहून अधिक एका जागी बसलं की पायाच्या शिरेत गुठळी होण्याचा धोका वाढतो. घोटे फिरवा, पाणी प्या. या दुखण्याला लोकांनी 'इकॉनॉमी क्लास सिंड्रोम' असं नाव दिलंय. दुखणं कुठल्याही क्लासात होऊ शकतं, पण नावाचा मान आपला. बिझनेसवाल्यांच्या नावाने साधी सर्दीसुद्धा नाही.

मग एकदाचं शहर दिसू लागतं. सीटा सरळ होतात, लोक मनातल्या मनात रांगेत उभे राहतात. आणि कॅप्टनचा आवाज येतो: खाली गर्दी आहे, अजून चाळीस मिनिटं घिरट्या. चारी बाजूंनी सुस्कारे सुटतात. डावीकडच्या गृहस्थांचं कोपर निराशेने दांड्यावरून गळून पडतं.

तुम्ही आपलं अलगद टेकवा. चाळीस मिनिटं, तीही फुकट.