काम ना धंदा, मग प्यायला पैसे येतात कुठून?

हा प्रश्न आमच्याकडे पारावर, लग्नात, मयतीत, सगळीकडे ऐकू येतो. विचारणाऱ्याला उत्तर नकोच असतं, दारू पिणाऱ्या बेकार पोराला नावं ठेवायची असतात. पण प्रश्न चांगला आहे. सोलापूर जिल्ह्यात एका तालुक्याच्या गावी माझं मेडिकल आहे. समोर परमिट रूम, पुढे बायपासला ढाबे. काउंटरवरून जे दिसतं ते लिहितोय. पोस्ट लांब झालीय, सवडीने वाचा.

तर पैसे येतात कुठून? सुरुवातीला ते पोराचे नसतातच. दादांचा वाढदिवस, भाऊंची निवड, मंडळाची मिरवणूक, ग्रामपंचायतीची निवडणूक, प्लॉटिंगवाल्याचा सौदा झाला म्हणून पार्टी. टेबलावर हंडी येते, बाटली येते, बिल कोण देतंय ते कुणी विचारत नाही. बदल्यात पोरांनी बॅनर बांधायचे, रॅलीत गाड्या पळवायच्या, स्टेटसला फोटो ठेवायचा. मंगळवारी दुपारी बारा वाजता रॅलीला कोण येऊ शकतं? ज्याला ड्युटी आहे तो येत नाही. म्हणून नेत्यांना रिकामी पोरं लागतात. आणि रिकाम्या पोरालाही चार लोकांत कुणीतरी नावाने हाक मारलेली हवी असते, ती घरात मिळत नाही. घरात "उठला का साहेब" एवढंच मिळतं.

स्वतःच्या खिशातून प्यायची वेळ नंतर येते, तोवर सवय लागलेली असते. मग उधारी, मोबाईल गहाण, आईच्या बचत गटाचा हप्ता.

आता एक गोष्ट लोकांना पटत नाही, पण मी बघितलेली आहे. भरतीची तयारी करणारं पोरगं दारूपासून सगळ्यात लांब असतं. पहाटे पाचला मैदानावर पळतं, अंडी-केळी खातं, माझ्याकडे येतं ते गुडघ्याचं क्रेप बँडेज न्यायला. घसरण सुरू होते वय निघून गेल्यावर. २०२४ च्या पोलीस भरतीत १७ हजारांच्या आसपास जागा आणि १७ लाखांवर अर्ज. त्याच्या आदल्या वर्षी तलाठ्याच्या साडेचार हजारांच्या आसपास जागांना दहा लाखांवर अर्ज, फी खुल्याला १००० आणि राखीवला ९०० रुपये. हे गणित पोरांना पाठ असतं, तरी पळतात. पोलिसाला खुल्या गटात वयाची अट २८. ती ओलांडली की मैदान सुटतं, पहाट सुटते, सोबतचे दोघं-तिघं नोकरीला लागलेले असतात. पाहुणे स्थळ बघायला येतात, "मुलगा काय करतो" विचारतात आणि चहा पिऊन जातात. चार एकर जिरायत सांगून आज कुणी मुलगी देत नाही. त्यात मुलीच्या बापाची चूकही काढता येत नाही. पण या पोराच्या संध्याकाळचं काय करायचं, ते कुणी सांगत नाही.

काही जण पुण्याजवळ चाकण-रांजणगावच्या कारखान्यांत जातात. कंत्राटावर, एका खोलीत सहा जण, बारा तासांची शिफ्ट. २४० दिवस भरले तर कामगार कायद्याने हक्क सांगेल, म्हणून त्याआधीच ब्रेक देऊन घरी पाठवतात. असाच ब्रेकवर आलेला एक जण मध्यंतरी झोपेची गोळी मागायला आला. रात्रपाळी करून करून झोपच येईना म्हणाला. चिठ्ठीशिवाय देता येत नाही, डॉक्टरांना दाखव म्हटलं. त्याने अंगठ्याने समोरच्या परमिट रूमकडे खूण केली. "राहू द्या काका, तिथं चिठ्ठी लागत नाही." खरं तर आपल्याकडे प्यायला कायद्याने परवाना लागतो, बिअरला २१ आणि दारूला २५ वय लागतं. १९४९ चा कायदा आहे. कोण विचारतो?

श्रीमंतांची पोरं पीत नाहीत का? भरपूर पितात. त्यांनी गाडी ठोकली तर विमा असतो, बापाचा वकील असतो, फारच झालं तर पुण्यात व्यसनमुक्ती केंद्रात महिनाभर ठेवतात आणि गावात "कोर्सला गेलाय" सांगतात. मजुराचं पोरगं एका सोमवारी कामावर गेलं नाही की हजेरी गेली, दुसऱ्या सोमवारी काम गेलं. दोघांचा ग्लास सारखाच भरलेला असला तरी किंमत सारखी नसते. आणि सगळीच पितात असंही नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रात पंधरा वर्षांवरचे साधारण १४ टक्के पुरुष पितात असं आलंय. म्हणजे हलाखीत असूनही न पिणारेच जास्त. त्यांचा कुणी सत्कार करत नाही, ते असो.

सरकारचा उपाय काय, तर दर वाढवा. जून २०२५ मध्ये शुल्क वाढवलं. १८० मिलीला देशी किमान ८०, भारतीय बनावटीची विदेशी किमान २०५, आणि मध्ये 'महाराष्ट्र मेड' नावाचा, राज्यातच धान्यापासून बनणारा नवा प्रकार १४८ ला. तिजोरीत भर पडेल, पण पिणारा सुटला का? आमच्याकडे तो विदेशीवरून देशीवर उतरला, चपटी तीच. पूर्ण बंदीचंही चंद्रपूरला बघितलं, २०१५ ला लावली, २०२१ ला उठवली. बायकांनी त्यासाठी केलेली आंदोलनं खरी होती, त्यांना हसायचं कारण नाही. पण चोरून येणारी दारू थांबली नाही.

मधेच धंद्यातलं एक सांगतो, कारण यात जीव जातो. रोज पिणाऱ्याला खोलीत कोंडून एका दिवसात दारू बंद करू नका. हात थरथरतात, भास होतात, फिट येऊ शकते. आधी डॉक्टरांना दाखवा. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो. १४४१६ या टेलिमानसच्या, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या नंबरवर मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

कमेंटमध्ये येणारच, "आम्हीपण गरिबीतून आलो, आम्ही नाही प्यायलो." मान्य काका, तुम्ही नाही प्यायलात. पण तुम्ही डीएड करून बाहेर पडलात तेव्हा शाळेची ऑर्डर हातात पडली होती. आजचं पोरगं डीएड, बीएड करून टेम्पोवर आहे. आणि दुसरी कमेंट "संस्कार कमी पडले" अशी करणाऱ्यांपैकी दोघं-तिघं मागच्या महिन्यातल्या वाढदिवसाच्या बॅनरवर शुभेच्छुक म्हणून हात जोडून उभे आहेत. त्या रात्री ढाब्याचं बिल किती झालं आणि कुणी दिलं, तेवढं आधी खाली लिहा.