साठीनंतर बुद्धी चौपट? मग आत्याच्या पेटीची कडी कोण काढणार?

हा मेसेज पहिल्यांदा आला तेव्हा न वाचताच पुढे सरकले. दुसऱ्यांदा आला तेव्हा हसले. तिसऱ्यांदा तो आत्या राहते त्या ज्येष्ठ निवासाच्या सूचना फलकावर दिसला. रहिवाशांनी काढलेल्या चित्रांच्या शेजारी कोणीतरी रंगीत प्रिंट काढून डकवला होता. तेव्हा मात्र डोकं फिरलं.

ज्यांना अजून आला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठाच्या मेडिकल कॉलेजचे ‘संचालक’ म्हणे असं सांगतात की, मेंदू साठ ते ऐंशीत शिखरावर असतो. मायलिन, म्हणजे मज्जातंतूंवरचं आवरण, वाढून बुद्धी 300 टक्क्यांनी वाढते. मेंदूचे दोन्ही अर्धगोल एकदम चालू लागतात. विसरभोळेपणा येतो तो माहिती फार झाल्यामुळे, त्याची काळजी नको. साठ ते सत्तर हे सर्वांत उत्पादक वय, हे ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ने सिद्ध केलंय. नोबेल विजेत्यांचं सरासरी वय 62, पोपचं 76. खाली जोडलेले हात.

आधी विसरभोळेपणाचं बोलू, कारण माझा राग त्याच ओळीवर आहे.

आत्या तिथल्या भजनी मंडळाची पेटी वाजवते. चाळीसेक वर्षांचा हात आहे. मागच्या महिन्यात ती पेटी पुढ्यात घेऊन बसली, भाता ओढायला गेली तर तो हलेना. दोनदा ओढून बघितला. मग माझ्याकडे वळून म्हणाली, “अगं, ही अडकलीय बघ.” भात्याची कडीच काढलेली नव्हती. मी काढून दिली. दहा मिनिटांनी चहाला उठलो, पेटी बंद केली, परत बसलो आणि पुन्हा तेच. त्याआधी डायनिंग हॉलऐवजी ती दोनदा पार्किंगकडे गेली होती, हे शेजारच्या काकूंनी मला बाजूला घेऊन सांगितलं. डॉक्टरांची वेळ मी घेतली आणि आत्याने ती परस्पर रद्द केली. का, तर “डोक्यात माहिती जास्त झालीय गं माझ्या. तो मेसेज वाच ना, मोठ्या डॉक्टरांचा आहे.”

चष्मा कुठे ठेवला ते न आठवणं वेगळं. रोजच्या हातातली कृती किंवा रोजची वाट चुकणं वेगळं. दुसऱ्या प्रकारात तपासणी करायचीच. कारण थायरॉईड असू शकतं, एखादं औषध असू शकतं, नैराश्य असू शकतं, नीट ऐकू न येणं असू शकतं, डिमेन्शियाची सुरुवातही असू शकते. यातल्या बऱ्याच गोष्टींवर वेळेत काही करता येतं. शेवटी भांडून नेलं. बी-12 तळाला गेलेलं निघालं. इंजेक्शनं चालू आहेत, तीन महिन्यांनी पुन्हा बघू म्हणालेत. एवढ्यानेच सगळं भरून येईल का, ते तेव्हा कळेल. मेसेजचं ऐकलं असतं तर ते तीन महिने सुरूच झाले नसते.

बाकीचे मुद्दे पटापट. मेसेजमध्ये जर्नलचा संदर्भ आहे ‘70, 389 (2018)’. या जर्नलचे 2018 सालचे खंड आहेत 378 आणि 379. सत्तरावा खंड त्या साली असूच शकत नाही. एवढं बघायला दोन मिनिटं लागतात, पण प्रिंट काढायला वेळ असतो.

नोबेल? खगोलशास्त्रज्ञ सुब्रह्मण्यम चंद्रशेखर 1930 साली बोटीने इंग्लंडला निघाले तेव्हा एकोणीस वर्षांचे होते. ताऱ्यांबद्दलचं ते गाजलेलं गणित त्यांनी त्या प्रवासात मांडलं. नोबेल मिळालं 1983 साली. बक्षीस मिळाल्याचं वय म्हणजे काम केल्याचं वय नव्हे. पोपवर मी शब्द खर्च करणार नाही.

दोन्ही अर्धगोलांत थोडं तथ्य आहे, नाइलाजाने मान्य करते. तरुणपणी ज्या कामाला मेंदूच्या एका बाजूचा पुढचा भाग पुरतो, त्याच कामाला उतारवयात अनेकांच्या दोन्ही बाजू वापरल्या जातात. पण एकटीने उचलायचा हंडा दोघींनी धरला म्हणजे ताकद चौपट झाली, असं कोणी म्हणत नाही.

आणि गंमत अशी की त्याच जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठात जीन कोहेन नावाचे वृद्धांचे मानसोपचारतज्ज्ञ खरोखर होते. 2009 मध्ये ते गेले. मेसेजमधले संचालक म्हणजे त्यांचंच भूत असावं, असा माझा संशय. त्यांनी सरासरी ऐंशीच्या आसपास वय असलेल्या लोकांचा एक गट व्यावसायिक गायन-संचालकाच्या हाताखाली दर आठवड्याला समूहगानाला बसवला. अभ्यास 2006 मध्ये छापून आला. वर्षभरानंतर, तुलनेसाठी घेतलेल्या न गाणाऱ्या गटापेक्षा गाणाऱ्यांच्या डॉक्टरकडच्या खेपा कमी, पडणं कमी, एकटेपणाही कमी. मात्र गट चिठ्ठ्या टाकून पाडलेले नव्हते. म्हणजे मुळात उत्साही असलेलेच गायला आले असतील, ही शंका उरते. पुढे सॅन फ्रान्सिस्कोत 12 ज्येष्ठ केंद्रांतल्या 390 जणांवर चिठ्ठ्या टाकून असाच प्रयोग झाला. सहा महिन्यांनी स्मरणशक्तीत फरक नाही, शरीराच्या ताकदीत फरक नाही. एकटेपणा मात्र कमी झाला आणि जगण्यातला रस वाढला.

मला विचाराल तर एवढं भरपूर आहे. मध्य प्रदेशातल्या उमरियाच्या चित्रकार जोधैया बाई बैगांनी सत्तरीच्या आसपास कुंचला हातात घेतला आणि 2023 मध्ये पद्मश्री मिळवली, ती काही मायलिनचा अहवाल बघून नव्हे.

भजनी मंडळातल्या बायका पूर्वी काळी पाच या वरच्या पट्टीत गायच्या. आता वरचा सूर लागत नाही, म्हणून आत्याने पट्टी काळी तीनवर आणलीय. कुणी शिखराच्या गप्पा मारत बसलं नाही. उतरलेल्या पट्टीत दर मंगळवारी दीड तास गातात आणि नंतर खिचडीवरून भांडतात.

तो प्रिंट मी काढला. व्यवस्थापकांना विचारून काढला, उगाच वाद नको. पेटीच्या झाकणावर आता आत्याच्याच अक्षरातली चिठ्ठी आहे: ‘आधी कडी’.