घारीला पाणी पाजू नका राजेहो

मे लागला की आमच्या भागातल्या ग्रुपवर फोटो सुरू होतात. तारेखाली पडलेली घार, कोणाच्या तरी हातात चोच वासून बसलेला शिक्रा (लहान शिकारी पक्षी), अन् खाली कमेंटा. दूध पाजा, पोळी भिजवून द्या, तोंडात पाणी सोडा. लोकांचं मन चांगलं आहे, नाही कोण म्हणतं, पण पक्षी जखमेनं मरायच्या आधी या मायेनं मरतो हे कोणाला तरी स्पष्ट सांगावं लागेल ना.

पक्ष्यांची श्वासनळी जिभेच्या बुडाशीच उघडते. बाटलीच्या झाकणानं घशात पाणी ओतलं की ते सरळ फुप्फुसात जाऊ शकते. दूध तर पक्ष्याला पचतच नाही अन् पोळी हे घारीचं खाणं नाही.

मागच्या उन्हाळ्यात पोट्ट्यांनी वावरातून एक घार उचलून आणली, एक पंख लोंबलेला. मारुतीच्या पारावर अर्धं गाव गोळा, जो तो मोबाईल काढून उभा, अन् एक काकू वाटीत दूध घेऊन हजर. म्हटलं काकू राहू द्या, तर म्हणे, "काहून? तहानलं हाये ना बिचारं!" तेवढ्यात एका पोट्ट्याच्या मनगटात नख्या रुतल्या. लोक चोचीला भेतात, पण खरं हत्यार पायात असते. शेवटी एकाचा दुपट्टा घेऊन तिच्या डोक्यावर टाकला. डोळ्यापुढं अंधार झाला अन् इतका वेळ फडफडणारी घार जागच्या जागी गप्प. मग पंख अंगाशी दाबून उचलली, किराणा दुकानातल्या साबणाच्या खोक्यात ठेवली, खाली गोणपाट, बाजूला भोकं, वर झाकण. झालं. सावलीत ठेवायचं, दर पाच मिनिटाला उघडून पाहायचं नाही अन् सेल्फी तर अजिबात नाही. मांजा गुंडाळला असेल तर ओढू नका, दोन्हीकडून कात्रीनं कापा अन् रुतलेला तुकडा तसाच डॉक्टरसाठी राहू द्या. (नायलॉन मांजावर हरित लवादाची 2017 पासून बंदी आहे म्हणे, संक्रांतीला बाजारात जाऊन पाहा.)

अन् मग फोन. वनविभागाची हेल्पलाइन 1926. खरी रड इथून पुढं आहे. दुपारी फोन केला, गार्डभाऊ संध्याकाळी स्वतःच्या गाडीवर आला, बिचाऱ्याचा काही दोष नाही, पण घार नागपूरले निघाली दुसऱ्या दिवशी. तिथं सेमिनरी हिल्सवर वन्यप्राण्यांचं ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर, म्हणजे उपचार केंद्र, आहे, चांगलं आहे, पण यवतमाळहून ते दीडशे किलोमीटर पडते. तालुक्याचा जनावराचा डॉक्टर म्हशीचं बाळंतपण डोळे मिटून करील, घारीचं हाड बसवायचं त्याले कोणी शिकवलंच नाही. वनविभागाच्या प्रत्येक रेंज ऑफिसात एक ट्रेनिंग घेतलेला माणूस, दोनचार खोके, दुखणं थांबवायचं औषध अन् त्याच दिवशी गाडी, एवढं मागणं काही जास्त आहे का?

पिल्लांचं मात्र उलटं आहे. जुन्या वाड्यात, गोदामात गव्हाणी घुबडाची पांढऱ्या तोंडाची पिल्लं दिसली की लोक भूत म्हणून काठी घेतात नाहीतर घरी नेतात. घरी ठेवणं 1972 च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे. पिल्लू धडधाकट असेल तर सापडलं तिथंच उंचावर ठेवा, घरटं मोडलं असेल तर झाडाला टोपली बांधून द्या. माणसाचा हात लागला म्हणून मायबाप टाकत नाहीत, रात्री येतात चारायले. म्हातारे सांगतात की घुबडाला दगड मारला की ते तो दगड झिजवते अन् मारणारा तसा झिजत जातो. या भेवानं तरी दगड खाली ठेवतात, चला. पण उंदराचं औषध टाकताना कोणाले भेव नाही, औषध खाल्लेला उंदीर घुबडानं उचलला की तेही गेलं, अन् वावरातले उंदीर फुकटात मारणारं तेच तर होतं.

पंचायत समितीच्या आमसभेत मी हा विषय काढणार आहे. हसतील, हसू द्या. आपल्या तालुक्यातले कोणी सोबत येत असतील तर खाली सांगा, अन् दूध पाजा म्हणणाऱ्यांनी कृपया कमेंट करू नये.