ग्राफिक्स कार्ड घेण्याआधी एसएमपीएसचं लेबल वाचा

सुट्ट्या लागल्या की ओळखीतली मुलं विचारतात, कार्ड बदलायचंय, कोणतं घेऊ? एसएमपीएस, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणारा कॅबिनेटमधला डबा, कोणता आहे हे मी विचारलं की बहुतेकांना सांगता येत नाही. आपल्या नाशकात घरचा कॉम्प्युटर बहुधा ओळखीच्या दुकानातून असेंबल केलेला असतो आणि एसएमपीएस कॅबिनेटसोबत आलेला. वर मोठ्या अक्षरांत ४५० वॅट छापलेलं.

त्या आकड्यावर जाऊ नका. कॅबिनेट उघडा आणि लेबलवर +१२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिलेत ते बघा. तिथे १८ असेल, तर १२ गुणिले १८ म्हणजे २१६ वॅट. कार्ड आणि प्रोसेसर दोघंही मुख्यतः याच्यावर चालतात. आता समजा आरटीएक्स ३०६० कार्ड घेतलं: कार्डाचे १७० वॅट, साध्या प्रोसेसरचे ६५, झाले २३५! पंखे, हार्ड डिस्क अजून धरलेच नाहीत. मग रेंडर, म्हणजे थ्रीडी चित्र तयार करण्याचं जड काम, लावलं की मशीन रीस्टार्ट होतं आणि दोष बिचाऱ्या नव्या कार्डाला.

सिडकोतला माझा भाचा आर्किटेक्चर शिकतो. त्याचं जुनं १०५० टीआय कार्ड ७५ वॅटचं, सगळी वीज मदरबोर्डाच्या स्लॉटमधूनच घेणारं, त्यामुळे इतकी वर्षं निभावलं. नव्या कार्डाला एट-पिन, म्हणजे एसएमपीएसमधून थेट कार्डाला येणारी वेगळी वायर, लागते, तर दुकानदार म्हणाला, "मोलेक्सचा (जुन्या चार-पिनी वायरचा) कन्व्हर्टर लावून देतो, काही होत नाही." का होत नाही? एट-पिनमधून १५० वॅटपर्यंत वीज जाऊ शकते. हलक्या प्रतीचा मोलेक्स कन्व्हर्टर तेवढ्या लोडला तापतो, वितळतो. घरात पोरं रात्रभर रेंडर लावून झोपतात हो! गिऱ्हाईकाला असं सांगणं मला चुकीचंच वाटतं.

माझं मत स्पष्ट आहे. बजेट कमी असेल तर कार्ड एक पायरी खालचं घ्या, पण ५५० वॅटचा चांगल्या कंपनीचा एसएमपीएस आधी घ्या. ८० प्लसचा शिक्का वीज किती वाया जाते एवढंच सांगतो, म्हणून वॉरंटी आणि १२ व्होल्टचे अँपिअरही बघा. एसएमपीएस बदलायचाच नसेल तर ११५ वॅटचं आरटीएक्स ४०६० आहे, पण त्यालाही एट-पिन लागतेच आणि जुन्या मदरबोर्डावर ते थोडं मागे पडतं.

आणि अर्थिंग नसलेल्या टू-पिन एक्स्टेन्शनवर पीसी चालवू नका, कृपा करून.

प्रत्यक्ष कार्ड बदलणं सोपं आहे. मेन स्विच बंद, स्लॉटची खिट्टी दाबून जुनं काढायचं, नवं बसवून स्क्रू लावायचा, मॉनिटरची केबल मदरबोर्डाला नाही तर कार्डाला जोडायची.

लेबल कळत नसेल तर फोटो पाठवा, बघून सांगतो.