‘युद्धाने मंदी संपली’ या विधानाचा प्रतिवाद

कापसाचे भाव पडले की जळगाव-धुळ्याच्या बाजारात एक मजकूर हमखास मोबाईलवर फिरू लागतो. १९२९ ची महामंदी सरकारी योजनांनी नव्हे, तर दुसऱ्या महायुद्धाने संपली. म्हणून मंदीच्या काळात सरकारने हात आखडता घ्यावा. आणि युद्ध झालेच, तर कारखान्यांना काम व शेतमालाला भाव मिळून सर्वांचे भले होते, असे त्यात म्हटलेले असते. शिकलेली माणसेही हा मजकूर विश्वासाने पुढे पाठवतात, म्हणून त्याचे उत्तर सविस्तर द्यायला हवे.

पहिले विधान घेऊ. अमेरिकेतील बेकारी पूर्णपणे हटली ती युद्धकाळातच, हे मान्य केले पाहिजे. १९४४ मध्ये ती जेमतेम एक टक्क्याच्या आसपास होती. परंतु मंदीची पाठ मोडली ती त्याच्या कितीतरी आधी. १९३३ मध्ये दर चार कामगारांमागे एक जण बेकार होता. त्या वर्षी मार्चमध्ये अध्यक्ष झालेल्या रूझवेल्ट यांनी बँका काही दिवस बंद ठेवून, तपासून पुन्हा उघडल्या, ठेवींना विम्याचे संरक्षण दिले आणि पुढच्या जानेवारीत सोन्याचा सरकारी भाव औंसाला २०.६७ वरून ३५ डॉलरवर नेला, म्हणजेच डॉलर स्वस्त केला. त्यानंतर १९३७ पर्यंत उत्पादन वर्षाला सरासरी आठ टक्क्यांहून अधिक वेगाने वाढत गेले आणि १९२९ च्या पातळीपुढे पोहोचले. युरोपात युद्ध पेटले १९३९ मध्ये आणि अमेरिका त्यात उतरली १९४१ च्या डिसेंबरात. शिवाय, बेकारीचे जे आकडे या मजकुरात दिले जातात, त्यांत सरकारी कामांवर मजुरी करणारी लाखो माणसेही बेकार म्हणूनच मोजलेली आहेत. रोजगार हमीच्या कामावर पाझर तलाव खोदणाऱ्या आपल्या मजुराला कोणी रिकामा म्हणावे, तसाच हा हिशेब आहे.

सरकारने हात आखडावा, हा सल्ला प्रत्यक्षात वापरूनही झालेला आहे. १९३७ मध्ये अमेरिकी सरकारने खर्च कमी केला, कर वाढवले, मध्यवर्ती बँकेनेही पैसा आवळला. पुढच्याच वर्षी बेकारी चौदा टक्क्यांवरून एकोणीस टक्क्यांवर गेली. खुद्द हिंदुस्थानातही त्या दशकात तेच धोरण राबवले गेले. ब्रिटिश सरकारने ब्रिटिश चलनातला रुपयाचा दर एक शिलिंग सहा पेन्स इतका चढाच धरून ठेवला, अंदाजपत्रक जुळवण्यासाठी खर्चाला कात्री लावली, आणि शेतमालाचे भाव निम्म्याच्या घरात आले तरी रोख शेतसारा व सावकाराचे देणे मात्र जिथल्या तिथे राहिले. १९३१ नंतर देशातून सोन्याचा जो ओघ बाहेर गेला, त्यात घराघरांतून मोडलेले दागिने होते. डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचे पहिले ग्रामीण अधिवेशन आपल्या फैजपूरला भरले, तेव्हा सारा, खंड (कुळाने जमीनमालकाला द्यायचे भाडे) व कर्ज यांत सूट देणारा शेतकरी कार्यक्रम तेथे मंजूर झाला, तो याच पार्श्वभूमीवर.

आता युद्धाने बेकारी हटवली ती कशी, हे पाहू. १९४३ मध्ये अमेरिकी सरकारची तूट राष्ट्रीय उत्पन्नाच्या चौथ्या हिश्श्याहून मोठी होती. युद्धापूर्वीच्या मंदीनिवारणाच्या काळात ती सहा टक्क्यांपुढे गेली नव्हती. म्हणजे युद्धाचे उदाहरण जे सिद्ध करते, ते नेमके सरकारने मोठा खर्च करण्याच्या बाजूचे आहे. तो खर्च तोफांवर झाला म्हणून काम मिळाले असे नव्हे, तर तोफांसाठी सरकारने अखेर मोकळ्या हाताने पैसा ओतला म्हणून मिळाले. जपानमध्ये अर्थमंत्री ताकाहाशी यांनी १९३१ च्या अखेरीस येन या चलनाची सोन्याच्या ठरावीक भावाशी असलेली बांधणी सोडवून आणि खर्च वाढवून देशाला लवकर बाहेर काढले. पुढे लष्कराचा खर्च आवरायला गेले, तेव्हा फेब्रुवारी १९३६ मध्ये बंडखोर लष्करी अधिकाऱ्यांनी त्यांची हत्या केली.

शेतमालाला भाव मिळून सर्वांचे भले होते, हे तिसरे विधान तर खानदेशाने मान्य करूच नये. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ नंतर तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला, मुंबईच्या बाजारात इकडच्या कापसाचे भाव कित्येक पट चढले आणि नव्याने आलेल्या रेल्वेच्या आधारावर जळगाव कापसाची मोठी पेठ बनले. १८६५ मध्ये ते युद्ध संपताच भाव कोसळले, मुंबईत सट्ट्याचा डोलारा ढासळला, आणि जळगावच्या पेठेलाही जबर फटका बसला. दुसऱ्या महायुद्धात तर उलटेच घडले. आपल्या आखूड धाग्याच्या कापसाचे मोठे गिऱ्हाईक जपान होते. १९४१ मध्ये तो व्यापार तुटला आणि १९४२ पासून सरकारच ‘अधिक धान्य पिकवा’ म्हणू लागले. ज्या कापसावर हा प्रदेश उभा होता, त्याच्याच वाट्याला युद्धाचा तोटा आला.

बाकी देशाचे ‘भले’ कसे झाले, तेही सांगितले पाहिजे. ब्रिटनच्या युद्धखर्चासाठी हिंदुस्थानातून माल व सेवा घेतल्या गेल्या, त्यांच्या बदल्यात लंडनमध्ये स्टर्लिंगची, म्हणजे ब्रिटनने पुढे पौंडात फेडायची, येणी लिहिली गेली आणि इथे त्या येण्यांच्या जोरावर नोटा छापल्या गेल्या. १९३९ मध्ये सुमारे १८० कोटी रुपयांच्या नोटा चलनात होत्या. १९४५ पर्यंत त्या अकराशे कोटींच्या पुढे गेल्या. घाऊक भाव दुपटीहून अधिक चढले. माल साठवणाऱ्याला आणि सरकारी कंत्राट मिळवणाऱ्याला त्यात पैसा मिळाला. रोजाने राबणाऱ्याची मजुरी भावांच्या मागे पडली. मुंबईत १९४३ मध्ये रेशनिंग आले. त्याच वर्षी बंगालमध्ये सुमारे तीस लाख माणसे भूक आणि रोगराईने मेली, आणि त्यांत सर्वांत आधी गेले ते विकत घेऊन खाणारे शेतमजूर, कोळी आणि गावचे कारागीर.